सातनंतर फोन घेतला जाणार नाही

३ जून
निर्णय झाला. उद्यापासून संध्याकाळी सातनंतर अशिलांचे फोन बंद. वकील झालो म्हणून काय माणूस नाही? घटस्फोटाच्या केसेस घेणाऱ्याने स्वतःचा संसारही बघायला हवा.
निमित्त सूटकेसबाईंचं. पहिल्या भेटीला सूटकेस घेऊनच आल्या, तेव्हापासून हे नाव. रोज संध्याकाळी नवऱ्याची तक्रार. काल ओला टॉवेल. टॉवेल पुरावा म्हणून कितपत टिकेल हे समजावता समजावता माझं जेवण गार.
निर्णय बायकोला सांगितला. ती म्हणाली, बघू. आनंद लपवत असावी.

४ जून
सगळ्यांना मेसेज पाठवला. पहिल्या मसुद्यात 'तातडीचे'ची व्याख्या आणि तिचे पोटभाग होते. टायपिस्टबाई म्हणाल्या, एवढं कोणी वाचत नाही. त्यांनी दोन ओळींत उरकलं. जोर गेला, पण असो.
सगळ्यांचे अंगठे आले. सूटकेसबाईंनी मात्र विचारलं, नियम आजपासून की उद्यापासून? आजपासूनच, हे सांगायला रात्री जेवण झाल्यावर त्यांना फोन केला. पाऊण तास गेला. फोन मी केला होता, त्यामुळे नियम मोडलेला नाही.

६ जून
फोन स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये. हात शिवशिवत नाहीत. चमचा घ्यायला तीन-चारदा ड्रॉवर उघडावा लागला. बायको म्हणाली, त्यात चमचे नसतातच, सुतळी असते. मग सुतळी घेतली.
मोकळा वेळ मुलीला दिला. कुठे होतीस, कोणाबरोबर, त्याला दुजोरा कोण देईल, एवढंच विचारलं. ती खोलीत गेली. बापलेकीचा संवाद सुरू झालाय.

९ जून
डबे उंचीप्रमाणे लावले. इतकी वर्षं या घरात काही शिस्तच नव्हती. बायकोने हरकत नोंदवली नाही, म्हणजे मान्य आहे.

१२ जून
सूटकेसबाईंचा फोन नाही. कालही नव्हता. परवाही. नियम पाळतायत ना, हे बघायला आठच्या सुमारास मीच केला. उचलला नाही. म्हणजे पाळतायत. शाबासकी द्यावी म्हणून पुन्हा केला.

१६ जून
ऑफिसात सूटकेसबाई आल्या. सोबत प्रतिवादी, म्हणजे त्यांचा नवरा. शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसले. केस मागे घ्यायची म्हणाल्या.
खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. त्यांचे वडील गेले तेव्हा हा कामावरून उशिरा आला होता, ते त्यांना आत कुठेतरी सलत होतं. मला दोन महिने टॉवेल सांगितला, हे कधीच नाही. परवा संध्याकाळी अगदी सहन होईना. हात फोनकडे गेला, नियम आठवला. सांगायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून नवऱ्यालाच सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. तो म्हणाला, मी वेळेत आलो होतो, दारापर्यंत येऊन जिन्यातच बसलो, तुझ्यासमोर यायचा धीर होईना. मग दोघंही रडले.
बाई म्हणाल्या, "तुम्ही सातनंतर फोन घेत असता ना, तर मी याला सांगितलंच नसतं."
प्रतिवादी माझा हात हातात घेऊन बसला. जरा जास्तच वेळ.
मी म्हटलं, समेट घाईने करू नये, पुढची तारीख बघून ठरवा. तोवर टायपिस्टबाईंनी अर्ज तयार करून पुढे ठेवला होता.
हा विजय माझाच आहे. नोंद असावी.

१७ जून
यशस्वी उपाय घरीही लागू केला. बायकोशेजारी बसून म्हटलं, फोन ड्रॉवरमध्ये आहे, तुझ्या मनात काय आहे ते सांग. तिने विचारलं, "सगळं?" मी म्हटलं, थोडक्यात, मुद्द्यांनुसार. ती म्हणाली, "आधी मीठ कुठे ठेवलंत ते सांगा."
सुरुवात चांगली आहे.

२१ जून
बायको आणि मुलगी संध्याकाळी पोहायला जाऊ लागल्यात. तिघं जाऊ, असं मुलगी एकदा म्हणाली होती. पण तलावावर फोन नेऊ देत नाहीत, बाहेर ठेवावा लागतो. एखाद्या अशिलाचं खरंच तातडीचं असलं तर? जबाबदारी आहे. नाही म्हटलं.
फोन टेबलावर आणून ठेवलाय. याला फोन घेणं म्हणत नाहीत, उपलब्ध असणं म्हणतात.

२३ जून
सगळ्यांना सुधारित मेसेज: सातनंतरही चालेल. अंगठे आले. एकाने विचारलं, तब्येत बरी आहे ना?

२६ जून
फोन वाजत नाही. चार्जिंग पाहिलं, आवाज पाहिला. रेंजचा घोटाळा असणार. मुलीला सांगून ठेवलं की पाण्यात उतरण्याआधी तिथून मला एक फोन कर.
केला. पहिल्या रिंगलाच उचलला. ती म्हणाली, लागतोय. मागून बायकोही हसत काहीतरी म्हणाली, नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, थोडं बोलत राहा, आवाज कसा येतो ते बघतो. ती म्हणाली, बाबा, आई पाण्यात उतरायला आत गेली, ठेवते.
फोनमध्ये दोष नाही.