गावची ओळख

सासूबाई,

तुमचा मॅलकी जिवंत आहे. नवऱ्यापाठोपाठ मलाही हद्दपार करावं म्हणून मी जमीनदाराची गवताची गंजी पेटवली, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

हद्दपारांच्या बेटावर, हॉबर्टला, आम्हा कैदी बायकांना जहाजावरून उतरवलं, तेव्हा तो धक्क्यावर पिंपं लोटत होता. त्याचं जेवण घेऊन एक पोटुशी बाई आली होती.

"ही कोण रे?" तिनं विचारलं.

"आमच्या गावची," तो खाली बघत म्हणाला.

मीही हो म्हणाले आणि अंगठीचा हात शालीखाली घेतला.

"मग याच्या आईला ओळखत असशील. कशी आहे म्हातारी?"

"याची वाट बघते."

"किती वाळलीयस गं," म्हणत तिनं त्याच्या जेवणातला पाव माझ्या हातात ठेवला. मी तो फेकायला हवा होता. पण मॅलकीच्या देखत मी तो सगळा खाल्ला.

हे तुम्हाला कळवायचं तोंड मला नाही, म्हणून पत्र धाडत नाही.

तुमचीच सून,
सबीना