व्याही बाद झाले त्याची हकीकत

लग्नाच्या स्वागत समारंभात प्लास्टिकच्या खुर्चीवर तासन्‌तास ताटकळलेल्या, नवरानवरीचे फोटो संपण्याची वाट पाहत पोटातल्या कावळ्यांना गप्प बसवणाऱ्या माझ्या समस्त बंधू-भगिनींनो!

(माफ कर, इब्राहीमभाई. कागद पुढे ओढला आणि सवयीने सभाच सुरू झाली. हे पत्र तुझ्या एकट्यासाठी आहे.)

जिवलग मित्र इब्राहीमभाईस शालिग्रामचा मालेगावहून मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? अख्तरीभाभींना माझा सलाम सांग. फोन सोडून पत्र का, असे तू विचारशील. तुझ्या वाशीमच्या लाउडस्पीकरच्या दुकानात फोन लावला की मागे तुझा मोईन भोंगे तपासत असतो. मी 'कसा आहेस' विचारतो आणि तू 'शनिवारी रिकामा नाही' असे उत्तर देतोस. अशा परिस्थितीत मन मोकळे करता येत नाही.

आपल्या समीक्षाच्या लग्नाला तू आला नाहीस. तुझी रिसोडची ऑर्डर आधीच ठरलेली होती, म्हणून राग नाही. पण तू असतास तर हे घडले नसते, हे मी भर चौकात उभा राहून सांगायला तयार आहे.

माझे म्हणणे तुला ठाऊक आहेच. पाहुणा हा माणूस आहे, गोदामातले पोते नाही. त्याला आणून बसवायचे आणि तास दोन तास विसरून जायचे, हा त्याचा अपमान आहे. हे मी आजवर दुसऱ्यांच्या मांडवात बोलत आलो (न बोलावताही बोललो आहे). आता स्वतःच्या पुतणीचे लग्न म्हटल्यावर करून दाखवणे भाग होते. मी जाहीर केले की या स्वागत समारंभात कोणीही रिकामा बसणार नाही, सगळ्यांसाठी खेळ होतील. समीक्षा म्हणाली, "काका, खेळ घ्या, पण भाषण नका करू." मी शब्द दिला आणि खेळाचे नियम समजावताना जेवढे बोलावे लागते तेवढेच बोललो. ते थोडे लांबले.

पहिला खेळ आमच्या भाजीच्या धंद्याला शोभेल असा काढला होता. आमच्या मळ्यातली एक फुलकोबी उंच धरायची आणि पाहुण्यांनी तिचे वजन ओळखायचे. निम्मा मांडव भाजीबाजारातला, हे माझ्या ध्यानात राहिले नाही. त्यांनी वजन बाजूला ठेवून थेट भाव बोलायला सुरुवात केली. कोबी आतून किडकी आहे की नाही यावर वाद झाला, आणि एका गृहस्थाने ती फोडूनच दाखवली. (किडकी नव्हती.)

मग उखाणे. पहिला मान पाहुण्यांतल्या थोरल्या गोमतीबाईंना दिला, तर त्यांनी माईक हातात घेऊन म्हटले, "वांग्याच्या भाजीवर हिरवागार सांबार, दशरथरावांचं नाव घेते, पोया होऊन राह्यल्या गार!" कोथिंबिरीपासून गार पोळ्यांपर्यंत सगळे एका दमात आले, आणि टाळ्या अशा पडल्या की आचाऱ्याला वाटले पंगत बसवायचा हुकूम झाला. त्याला मी थांबवले, कारण मुख्य खेळ अजून बाकी होता.

तो म्हणजे संगीत खुर्ची. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र, बाया-पुरुष असा भेद नाही. (याबद्दल दोन शब्द बोललो.) गाणी आमच्या मुलाच्या, हरीओमच्या, मोबाईलवरून लावली होती. पक्षपाताचा आरोप नको म्हणून मी खेळाकडे पाठ करून उभा राहायचो आणि मनात येईल तेव्हा गाणे थांबवायचो. एकेक जण बाद होत गेला आणि शेवटी उरली एक खुर्ची आणि तिच्याभोवती फिरणारे दोघे. एक आमचे व्याही, जऊळक्याचे हिरालालजी, आणि दुसऱ्या त्यांच्याच सौभाग्यवती, गिरजाबाई. मांडव श्वास रोखून पाहत होता. आणि मी हातही लावला नसताना गाणे थांबले! हरीओमच्या मोबाईलवर कोणाचा तरी फोन आला होता आणि घाईत त्याने तो उचलला होता. 'सर, आपको लोन चाहिए क्या' असे एक गोड बाई भोंग्यातून सगळ्या वऱ्हाडाला विचारत होत्या.

गिरजाबाई चटकन बसल्या. हिरालालजी उभेच.

"हे काही थांबणं होय का? हा तं फोन हाय!" ते म्हणाले.

इथे मी जन्मभर नियमांसाठी लढलेला माणूस. माईक तोंडाशी नेला आणि खणखणीत आवाजात सांगितले, "संगीत थांबले म्हणजे थांबले. व्याही बाद!"

इब्राहीमभाई, त्या एका शब्दाने घात केला. खेळात बाद म्हणजे पुढच्या डावापर्यंत बाजूला बसणे. पण पोराच्या लग्नात पोराच्या बापाला भोंग्यावरून 'बाद' म्हटले, तर तो सोयरिकीतूनच बाद होतो, हे मला पुस्तकांनी कधी शिकवले नव्हते. "सोयरे हो, आईकलं का? मले बाद करून राह्यले!" असे म्हणत ते बायकोसमोर उभे राहिले. "ऊठ."

"मी काहून उठू?" गिरजाबाई म्हणाल्या. "जनमभर सगळ्यायच्या आधी मीच तं उठत आली. आज बसली तं बसली."

बायांकडून जी टाळी पडली, ती माझ्या कुठल्याच भाषणाला आजवर पडलेली नाही. मलाही राहवले नाही, मीही वाजवली. व्याह्यांनी ते पाहिले. ते तडक स्टेजवर गेले आणि नवरदेवाच्या सोफ्यावर जाऊन बसले. उठेनात. आता सगळ्या फोटोंत समीक्षाच्या शेजारी हिरालालजी आहेत, आणि आमचा जावई गजेंद्र मागे कूलरसारखा उभा आहे. मी समजूत घालायला गेलो. रोमच्या न्यायपद्धतीपासून सुरुवात केली, तर त्यांनी मधेच हात जोडून सांगितले, "तुमचं भाषण फर्मास झालं भाऊ. पण डाव पुन्हा झाल्याबिगर सून माहेरले धाडत नाही."

आणि खरेच धाडली नाही. मांडवपरतणीला पोर यायची होती, तिच्यासाठी तिच्या आईने, आमच्या हिरीबाई वहिनीने, अंगणभर सडा घातला होता, तो तसाच वाळला. तेव्हापासून वहिनी माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलते. थोरला भाऊ गेल्यापासून ही पोर माझ्यासमोर वाढली. मी घरात भाषणाचा सराव करायचो तेव्हा ती दारात बसायची आणि लांबले की ओढणी हलवायची. आता कोणी थांबवत नाही, तर बोलायलाच सुचत नाही.

तरीही तुला सांगतो, मी झुकणार नाही. निकाल तो निकाल. आज व्याही रुसले म्हणून डाव बदलला, तर उद्या निवडणुकीत कोणत्या तोंडाने बोलू? भाभींना नमस्कार, शाजियाला आशीर्वाद.

तुझाच,
शालिग्राम

ता. क. रविवारी जऊळक्याला हिरालालजींच्या अंगणात डाव पुन्हा होणार आहे. (मीच कबूल केले. वहिनीने काल कढईच आपटली.) तू तुझे भोंगे घेऊन ये, मोबाईलचा धोका नको. मी नेहमीप्रमाणे पाठ करून उभा राहीन. तू मात्र पाहून, व्याही बरोबर खुर्चीसमोर आले की गाणे बंद कर. हे कोणाला बोलू नकोस.

ता. क. दुसरा. वरचे रद्द. ही युक्ती मी फक्त वहिनीला सांगितली, तिने समीक्षाला सांगितली, आणि समीक्षाचा फोन स्पीकरवर होता. आत्ताच गिरजाबाईंचा फोन येऊन गेला. "शालिग्रामभाऊ, बायायच्या हक्कावर लई बोलता ना तुमी? मले हरवसाल तं सुनेची ब्याग मी भरू देत नाही." म्हणजे व्याही हरले तर ते पाठवत नाहीत, आणि गिरजाबाई हरल्या तर त्या पाठवत नाहीत.

ता. क. तिसरा. विचार करून ठेवला आहे. जोवर दोघे फिरत आहेत, तोवर कोणीच हरलेले नाही, आणि कोणी हरले नाही तोवर पोरीला अडवायला कोणाकडे कारण नाही. तिची बॅग गजेंद्र मागच्या दाराने आपल्या गाडीत आणून ठेवेल. तू एवढेच कर, इब्राहीमभाई: तुझ्याकडचे सगळ्यांत लांब गाणे लाव, आणि समीक्षा गाडीत बसेपर्यंत ते थांबवू नकोस!