घुम्याच्या बाजूने

प्रिय भाऊराया,

'प्रिय' हा शब्द सवयीने उमटला. खोडला तर कागद वाईट दिसेल, म्हणून राहू देते. फुटबॉल क्लबच्या अध्यक्षांना लिहायचं तर 'माननीय' लिहावं लागलं असतं, आणि तेवढं खोटं लिहायला माझा हात वळत नाही.

मंगळवारी तू घुम्याला काढलंस, ही बातमी मला दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून कळली. तपासणीच्या खुर्चीत बसवून मी त्याच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलत होते. आता नीट दिसतंय का, असं विचारलं, तर म्हणतो, "ताई, तुमच्या भावाने त्या कोचला हाकललं ना, तेव्हापासून सगळंच नीट दिसतंय." मी पुढचं भिंग मुद्दाम चुकीचं लावलं. लगेच काढलंही, घाबरू नकोस, धंदा मी इमानदारीने करते. मग आतल्या खोलीत जाऊन तुझं निवेदन वाचलं. 'परस्पर संमतीने' म्हणे. सकाळी तो मैदानावर पोरांकडून कॉर्नरचा सराव करून घेत होता आणि तू त्याला फोन केलास. गाडीने दहा मिनिटांवर आहे मैदान. एवढी वर्षं तुझं क्लबचं दुकान ज्याच्या जिवावर चाललं, त्याच्यासमोर जाऊन उभं राहायला तुला दहा मिनिटं नव्हती. कोणाची संमती आणि कसलं परस्पर?

निवेदनात पुढे 'समाधानकारक प्रगतीचा अभाव' असंही लिहिलंयस. हे वाक्य तुला कोणी लिहून दिलं ते ठाऊक नाही, पण ज्याने लिहिलं त्याने आपला एकही सामना पाहिलेला नाही. घुम्या आला तेव्हा आपण काय होतो? वरच्या गटातून घसरून दुसऱ्या गटात, आणि तिथेही तळाशी. निम्मा संघ पस्तिशीला टेकलेला. शेवटच्या वीस मिनिटांत आपले बचावपटू कमरेवर हात ठेवून असे उभे राहायचे, जणू बसची वाट बघतायत. युवा संघाचा सराव पार्किंगच्या मागच्या तुकड्यात चालायचा. निम्मा वेळ पोरं गाड्यांखालून चेंडू काढत असायची. तू नुकताच निवडून आला होतास. सभासदांपुढे तूच त्याला घेऊन आलास. तो माइकसमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "पहिली दोन वर्षं तुम्ही मला शिव्या घालाल. तिसऱ्या वर्षी जरा कमी घालाल. त्याआधी माझ्याकडे काही मागू नका." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तू हसलास, त्याच्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास की जेवढ्या शिव्या याला, तेवढ्या मला. शिव्या सगळ्या त्याने खाल्ल्या. तुझ्या वाट्याला मुलाखती आल्या.

पहिल्या मोसमात आपण खालून चौथे. दुसऱ्यात मधोमध. गेल्या मोसमात वरून चौथे, आणि वर जायची संधी एका गोलने गेली. आज मैदानात उतरणाऱ्या अकरांपैकी सहाजण आपल्याच युवा संघातून आलेले आहेत. पूर्वी असा एक सापडला तर आपण त्याचा फोटो क्लबच्या भिंतीवर लावायचो. याला प्रगती म्हणत नसतील तर कशाला म्हणतात, ते मला समजावून सांग. तो देवमाणूस आहे असं मी म्हणत नाही. बदली खेळाडू उतरवायला तो इतका उशीर करतो की बेंचवरची पोरं आखडून जातात. पत्रकारांसमोर दाढ काढायला आल्यासारखा बसतो. म्हातारा कॅप्टन बाहेर बसवला तेव्हा एक शब्द गोड बोलला असता तर त्याचं काही बिघडलं नसतं. पण अकरा दमलेली माणसं घेऊन त्याने संघ उभा केला, आणि तो उभा करताना एकदाही म्हणाला नाही की मला मिळालेलं सामान फुटकं होतं. तू मात्र प्रत्येक मुलाखतीत 'वारशात मिळालेल्या अडचणी' घेऊन बसायचास.

बाबांची गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही. सांगावी असा तू कधी सापडलाच नाहीस. त्यांची नजर गेली, तरी ते स्टँडमध्ये यायचे, हे तुला ठाऊक आहे. वर काचेआडच्या खुर्चीवरून तू आम्हाला हात करायचास, आणि मी त्यांना सांगायचे, तो हात करतोय, तुम्हीही करा. मुलगी चष्म्याचं दुकान चालवते आणि बापाच्या डोळ्यांपुढे तिचं काही चालत नाही, याचं मला काय वाटायचं ते जाऊ दे. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सामना सांगायचे. पहिल्या वर्षी ते सांगणं म्हणजे काय होतं? लांब मारला, गेला. पुन्हा लांब मारला, गेला. मग मी गप्प, बाबा गप्प, आणि आजूबाजूला शिव्या. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी एका सामन्यात त्यांनी अचानक माझं मनगट धरलं. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. ते म्हणाले, "अगं, तुला धाप लागलीये." खरंच लागली होती. कोणी कोणाला दिला, त्याने कोणाला, तिथून परत मागे, मग डावीकडे, मला श्वास घ्यायला जागाच मिळत नव्हती. बाबा म्हणाले, "पूर्वी दोन शब्दांत थांबायचीस. हा माणूस काहीतरी बांधतोय." आपण तो सामना हरलो, भाऊराया. हरून घरी जाताना ते बसमध्ये गुणगुणत होते. ज्यांना चेंडू दिसत नव्हता त्यांना जे कळलं, ते तुला सगळ्यात वरच्या खुर्चीवरून कळलं नाही.

आणि आता या मोसमाबद्दल. हो, ओळीने सामने हरलो. गोलकीपरचं मनगट मोडलं, ते नशीब. पण पिटुकला? आपल्या मधल्या फळीचा जीव असलेला पोरगा ऐन मोसमात मोठ्या क्लबला विकला गेला, तेव्हा सगळं गाव घुम्यावर तुटून पडलं. पत्रकारांनी विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला, "निर्णय माझा." तू शेजारच्या खुर्चीवर होतास. तू मान डोलावलीस. ती मान डोलावलेली मी टीव्हीवर पाहिली आणि तेव्हा मलासुद्धा वाटलं, या माणसाने हे काय केलं. त्या आठवड्यात मीही त्याला नावं ठेवली.

मग एके दिवशी पिटुकल्याची आई दुकानात आली. वाचायचा चष्मा करायचा होता. तू माझा भाऊ हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. चौकट निवडता निवडता ती बोलत राहिली. म्हणाली, अध्यक्ष स्वतः घरी आले होते, कागद तयार करूनच. आज सही केली नाही तर पुढे कोणी विचारणार नाही, असं म्हणाले. कोचला सांगू नका, तो भावनिक माणूस आहे, असंही म्हणाले. घुम्या आणि भावनिक! मला हसू यायला हवं होतं. दोन दिवसांनी कोच आला, ती म्हणाली. पोराने खोलीचं दार लावून घेतलं होतं, तोंड दाखवायला तयार नव्हता. कोच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला, तिने दिलेलं पाणी प्यायला, आणि बंद दाराकडे बघत मोठ्याने बोलला की जा, चांगला क्लब आहे, मी तुला पाठवला असं सांगतो, म्हणजे तू परत इथे खेळायला येशील तेव्हा कोणी तुला गद्दार म्हणणार नाही. एवढं बोलून गेला. पोरगा दाराआड रडत होता, ती म्हणाली. आणि मला विचारलं, ही तपकिरी चौकट बरी दिसते का.

तेव्हापासून तू घरी आलास तरी मी तुझ्याशी हवापाण्याचंच बोलत आले. तुला ते कळलंही नाही. तुला वाटत असेल, घुम्याने तुला वाचवलं, तुझ्या वजनाला घाबरून आळ स्वतःवर घेतला. गैरसमज आहे. त्याच्या हिशेबात तू नव्हतासच. त्याने त्या पोराला वाचवलं. तू फक्त त्या सावलीत येऊन उभा राहिलास, आणि ऊन सरकल्यावर त्यालाच बाहेर ढकललंस.

शनिवारी तर तू हद्द केलीस. सामना संपायला बराच अवकाश असताना उठून, कोटाची बटणं लावत, कॅमेऱ्याला दिसेल असा निघून गेलास. तुझी पाठ दिसली आणि स्टँडला परवानगीच मिळाली. 'चालता हो'च्या आरोळ्या सुरू झाल्या. माझ्या मागच्या रांगेतून एक बाटली गेली आणि घुम्याच्या खांद्यावर बसली. त्याने ती उचलली, झाकण नीट घट्ट केलं आणि बाजूला ठेवून परत मैदानाकडे बघायला लागला. मी मागे वळून त्या माणसाची कॉलर धरली. हो, या वयात. तो तरणाताठा गडी, पण गांगरला. म्हणाला, "मला काय बोलता? अध्यक्षच म्हणालेत, हा आठवडाभरात जातोय." म्हणजे खेळाडूंच्या आधी, त्या माणसाच्याही आधी तू बाटल्या फेकणाऱ्यांना कळवलं होतंस. माझ्या शेजारी आपला न्हावी होता, बाबांची दाढी करायला घरी यायचा तो. त्याने माझा हात सोडवला.

मंगळवारी दुकान लवकर बंद करून मी मैदानावर गेले. मला वाटलं, तो सामान भरत असेल. तो युवा संघाचा सराव संपवत होता. सकाळी तुझा फोन आल्यावरही त्याने संध्याकाळचा सराव टाळला नव्हता. सरावाचे शंकू स्वतः गोळा केले, जाळ्या सोडवून गुंडाळल्या. मी माझी ओळख करून दिली. अध्यक्षांची बहीण म्हटल्यावर त्याने शंकू खाली ठेवले. मी विचारलं, पिटुकल्याचं खरं का सांगत नाही? आज सांगितलं तर गाव उलटेल. त्याने बराच वेळ हात पुसले. मग म्हणाला, "पोरगा वीस वर्षांचा आहे, तिकडे अजून बेंचवर बसतोय. त्याला हे आत्ता कशाला? शिव्या खायला मी आहे की." आणि माझ्याकडून शब्द घेतला, की मीही चारचौघांत हे काढणार नाही. मी दिला. देताना माझा जीव किती जळला, ते तुला कळायचं नाही. जाताना त्याने एकच विचारलं, डाव्या बाजूला नवा बचावपटू खेळतो, तो तुम्हाला कसा वाटतो. नोकरी गेलेल्या माणसाने. मी म्हटलं, उशिरा वळतो. तो म्हणाला, वळेल, वर्षभर द्या.

काल आईचा फोन आला. शनिवारचं तिला न्हाव्याने सांगितलं असणार. ती म्हणाली, "काय भांडायचं ते माझ्यासमोर भांडा गं, लोकांसमोर नको." मी तिला हो म्हटलं नाही. रविवारी सभासदांची सभा आहे आणि तुझ्यावर अविश्वासाचा ठराव येणार, हे तुझ्या कानावर आलंच असेल. तो मांडायला कोणी पुढे येत नव्हतं, तुझ्याशी वैर कोण घेणार? तो मी मांडणार आहे. बाबा गेल्यापासून त्यांचं सभासदत्व माझ्या नावावर आहे, तेव्हा नियमात काही काढायला जाऊ नकोस. सभेत मी फक्त त्याची कामगिरी सांगेन: कुठे होतो, कुठे आलो, त्याला अजून किती वेळ हवा होता. त्या घरी तू काय केलंस ते तिथे सांगणार नाही, कारण शब्द दिलाय. आणि ते न सांगता बहुतेक मी हरेन. म्हणून हे पत्र. रविवारी तू जिंकलास तर ते कशाच्या जोरावर, हे निदान आपल्या दोघांना ठाऊक असावं. आणि तुझी बहीण तुझ्याविरुद्ध उभी राहणार हे तुला सभागृहात पहिल्यांदा कळू नये. फोनवर सांगणं मला जमलं नाही, आणि समोर आले असते तर तू चहा पुढे केला असतास आणि मी कदाचित प्यायले असते. मी उभी राहिले की खाली कागदात डोकं घालू नकोस. माझ्याकडे बघ, आणि मग बोल काय बोलायचं ते.

रविवारपर्यंत आणि नंतरही, इलाज नाही म्हणून तुझीच,
ताई