कापसाचं वजन

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची. खोली छान आहे. पूर्वेला खिडकी, जाड गादी आणि कपाटाचं दार चक्क लागतं. बावीस वर्षं इस्पितळात आयाचं काम केल्यावर असं काम मिळणं म्हणजे मजाच. रुग्ण एकच, आणि तोही हाका मारत नाही. चिंचिला म्हणतात त्याला. उंदराच्या कुळातला, पण अंगावर सशाहून मऊ करडे केस आणि खारीसारखी शेपूट. नाव कापूस. मालक घड्याळं दुरुस्त करायचे, सध्या तेच इस्पितळात आहेत. घर त्यांची धाकटी बहीण सांभाळते. त्यांना ताई म्हणायचं ठरलं.

मंगळवार, ४

कापसाच्या दाढा वाढल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टरांनी त्या घासून दिल्यात, पण तोंड दुखतं म्हणून तो खात नाही. वाळक्या गवताची पूड पाण्यात कालवायची, बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने थेंब थेंब सोडायची, मग पोटावरून हलका हात फिरवायचा. दर तीन तासांनी हेच. आज लेंड्या चार, तांदळाएवढ्या. पोरगं परीक्षेत पहिलं यावं तशा मी आणि ताई खूश झालो. वजन ३९० ग्रॅम.

शनिवार, ८

४३०. मांडीवर घेतलं की गप्प पडून राहतो, खाली ठेवलं की बारीक कुरकुरतो. मग काय, बसते घेऊन. दुपारी खुर्चीतच डोळा लागला. अंग आंबून गेलंय. ताई म्हणाल्या, सुरुवातीला सगळ्यांनाच थकवा येतो. सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते विचारायचंही त्राण नव्हतं.

बुधवार, १२

४९५. डॉक्टरांकडे नेलं. दात उत्तम, केस उत्तम. एवढ्या लवकर एवढं वजन चढलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. माझ्या हाताला गुण आहे म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मी वेळेवर जेवते ना, असं विचारलं. जेवते की. दोन्ही वेळा, पोटभर. तरी कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेलाय.

शुक्रवार, १४

पिंजरा धुवायला काढला. खालच्या तबकात कालवलेल्या पुडीचा वाळून कडक झालेला थर. मी भरवते ते तो गालात धरतो आणि नंतर सोडून देतो. गवतालाही तोंड लावलेलं नाही. लेंडी एकही नाही. किती दिवसांपासून, देव जाणे.

वजन ५४०. काट्यात खोट असेल म्हणून साखरेचा पुडा ठेवून पाहिला. काटा बरोबर आहे.

रविवार, १६

ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काही न खाता याचं वजन कसं वाढतं, असं त्यांना सरळ विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "दादाही असाच मांडीवर घेऊन बसायचा. इस्पितळातल्या डॉक्टरांना त्याच्यात काहीच सापडत नाही. फक्त त्याला आता उठवत नाही."

माझ्याआधी दोघी येऊन गेल्या होत्या. चांगल्या होत्या, एवढंच ताई बोलल्या. मग शेवटची घडी घालत म्हणाल्या, "कापूस गेला तर मीही जाईन, असं दादाने मला सांगितलंय. मी काय करू?"

आणि तुम्ही कधी घेता का त्याला, मी विचारलं.

त्यांनी त्याला आजवर हात लावलेला नाही.

सोमवार, १७

जिन्यात दोनदा बसले. कंगव्यात केसांचा पुंजका. माझे केस. ६१०. चकाकतोय नुसता. दिवसभर गजांना नाक लावून माझ्याकडे बघत होता. मी मांडीवर घेतलं नाही. पहिल्यांदाच.

माझ्या बहिणीला फोन केला. येते म्हटलं. माझा आवाज तिला ओळखूच आला नाही. उद्या दहाला गाडी.

मंगळवार, १८. सकाळ

बॅग दाराशी ठेवली. नुसतं बघून यावं म्हणून गेले. का गेले—

कुशीवर पडलाय. डोळे मिटलेले. पाय आखडलेले. श्वास असा, की नाकाशी बोट धरल्याशिवाय कळत नाही.

माहीत आहे मला. सगळं माहीत आहे.

पण इतकं बारीक कण्हतोय. आजाऱ्याकडे पाठ फिरवून जाणं, ते मला कधी—

गाडीवाला हॉर्न वाजवतोय. पाचच मिनिटं थांबायला सांगा म्हटलं. ताई गेल्या खाली.

सिरिंज भरली. मांडीवर घेतलाय. गरम आहे. किती गरम आहे. कण्हणं थांबलं.

हॉर्न थांबला.

गाडी गेली की काय. ताईंना हाक मारते आहे, पण आवाज—

उठते. जरा टेकते आणि मग उ—