म्हातारेबुवा गप्प झाले

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार, आणि या खेपेला जरा जास्तच वाकून. आम्ही सगळे ठीक. लेक नोकरीत रमली आहे, वाद्यदुरुस्तीचं दुकान चालू आहे. कळवायचं ते एवढंच, की कॉलेजपासूनच्या आपल्या भांडणात तू जिंकलीस.

एकट्या चेलोच्या त्याच रचना दोघांनी वाजवलेल्या; तू म्हातारेबुवांच्या रेकॉर्डच्या बाजूची, मी त्या बाईंच्या. मी म्हणायचे, तुझे बुवा वाजवतात कमी, नाक ओढतात जास्त, आणि खुर्ची कुरकुरते ती वेगळीच. तू म्हणायचीस, तुझी बाई सुरांना इस्त्री करते.

मागच्या रविवारी सहज लावली, तर बुवा चक्क गप्प! ना नाक, ना खुर्ची. नुसता खोल, गडद सूर. मला रडूच आलं. मग बाईंची लावली, तर ती फिकी. गज तारेवर टेकताना जी बारीक खरखर यायची, जिच्यावर माझा जीव, तीच गायब. सुई बदलली, रेकॉर्ड पुसली. ह्यांना विचारलं, तर म्हणे, "वाजतंय की!" ह्यांना चेलो काय नि कपाट काय, सारखंच.

शेवटी लेकीला बोलावून बुवांची ऐकवली. "बघ, किती स्वच्छ!"

ती हसली. "आई, या आजोबांना सर्दी झालीय का गं?"

"कुठे?"

"हे काय, आत्ता. हे परत." मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. वरचे बारीक आवाज गेलेत म्हणाल्या, परत यायचे नाहीत. यंत्राने थोडं भागेल. आता तूच सांग, मला बुवा खरंच आवडायला लागले, की जे उरलंय तेच गोड मानून घेतेय? डोकं नुसतं भणभणतंय.

त्याच आठवड्यात, डॉक्टरांकडे जायच्या आधी, चेलो शिकवणारे मास्तर दुरुस्त केलेलं वाद्य परत घेऊन आले होते. "अजून आतून झिरझिरतंय हो." मी फाडकन म्हणाले, "मास्तर, कान तपासून घ्या." बिचारे वाद्य तसंच ठेवून गेले. काल त्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं. म्हटलं, तुम्ही वाजवा, झिरझिर आली की मान हलवा. मी चेलोच्या पाठीवर तळहात फिरवत बसले. तिसऱ्यांदा मान हलली तेव्हा खालच्या कडेचा सुटलेला जोड हाताला लागला. सरसाने चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवलाय. मास्तर म्हणाले, "दुकान बंद करू नका." तसं मी काही बोलले नव्हते. मनात मात्र होतं.

ताई, फोन करू नकोस. तुझा आवाज बारीक, शब्द निसटतात आणि मी उगाच "हो, हो" म्हणते. मागच्या वेळी तू बराच वेळ काहीतरी सांगत होतीस आणि मी हसले. नंतर तू एकदम फोन ठेवलास. हसण्यासारखं नव्हतं ना ते? काय होतं, ते लिहून कळव. सगळं.

तुझीच,
धाकटी