लताची पत्रिका इंग्रजीत!

बुधवार, सौंसर

डोकं तापून राहिलं. मी बोरगावले गेली तेवढ्यात यांनी आमच्या पत्रिका छापायच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टम पुसून नवी टाकली. मले विचारलं? "जुन्यात व्हायरस घुसते," म्हणे. अन् माझा मराठी फॉन्ट? तोही पुसला. लताची लग्नपत्रिका उघडली, तर नुसते इंग्रजी अक्षरं, अर्थ काहीच नाही.

तेवढ्यात तिचे बाबा रामाकोन्याहून नमुना पाहाले आले. त्यायले वाचता येत नाही. "इंग्रजीत केली का बाई? लय भारी!"

हे हसून म्हणाले, "नव्या सिस्टमची कमाल, काका."

इंग्रजीत! लताचं नावही नव्हतं त्यात. काका हात जोडून गेले, अन् मीही त्यायले तसंच जाऊ दिलं! उद्या जुनीच सिस्टम अन् माझा मराठी फॉन्ट टाकते, नमुना घेऊन रामाकोन्याले जाते, अन् काकाचं बोट धरून लताच्या नावावर ठेवते.