सारख्याच चार चुका

प्रिय भिंगरी,

तुझं पाकीट सोमवारी दुपारी, बरोबर सांगायचं तर सव्वातीनला, बाइंडिंगच्या दुकानाच्या पत्त्यावर मिळालं. आत जीवशास्त्र विषय सोडण्याचा छापील अर्ज, आणि त्याला टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर दीड ओळ. आईची सही घेऊन उलट टपाली पाठव, शुक्रवार शेवटचा दिवस आहे. ना ख्याली, ना खुशाली. मावशीकडे जाऊन तुला तीन आठवडे झाले. तिच्या शिलाईच्या कपड्यांना काजं-बटणं करत बसतेस, आणि सख्ख्या भावाला दीड ओळ! मी सही घेणार नाही. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू उगाच आशेवर राहू नकोस.

मला राग येतो तेव्हा अक्षर बिघडतं, म्हणून हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं आणि आता पक्कं करतोय. तरी राग उतरलेला नाही. आधी तुमच्या सरांचा राग. वर्षभर जीवशास्त्र शिकवतात, आणि पेशींच्या अर्धगुणसूत्री विभाजनाचा अख्खा भाग 'सोपं आहे, घरी वाचून घ्या' म्हणून दोन मिनिटांत गुंडाळतात. सोपं असेल तर शिकवायला काय झालं होतं? घरी वाचायला घरी पुस्तक लागतं. वाचनालयात ते जाड पुस्तक एकच, आणि एका वेळी तीन दिवसांसाठीच मिळतं. आणि ज्यांनी शिकवलंच नाही तेच तुझ्या पूर्वपरीक्षेच्या पेपरवर लाल शाईने भलंमोठं शून्य काढून शेजारी 'कॉपी' असं लिहितात, तेही खाली जाड आडवी रेघ मारून, जणू पानाला हातकडी घालताहेत.

तुझ्या उजळणीची ती कार्डं कशी झाली ते तुला माहीत आहे, पण सगळं क्रमाने यायला हवं म्हणून पुन्हा लिहितो. पुस्तक तीन दिवस घरात होतं. तू म्हणालीस, दादा, निदान सगळ्या संज्ञा तरी उतरून ठेवू, उजळणीला बऱ्या पडतील. मी म्हटलं, तू वाच, उतरायचं माझ्याकडे लागलं. बाइंडिंगमध्ये पुठ्ठ्यासारख्या जाड कागदाचे वाया गेलेले ताव होतेच. एका कागदावर चार कार्डं. पुढच्या बाजूला संज्ञा, मागच्या बाजूला व्याख्या, आणि शेवटी कटिंगच्या मशीनवर एका दाबात चार तुकडे, कडा कशा सुरीने कापल्यासारख्या. सेहेचाळीस कागद, एकशे चौऱ्याऐंशी कार्डं. मालकांनी गठ्ठा हातात घेऊन विचारलं होतं, काना-मात्रा, ही परीक्षेची कार्डं आहेत की कुणाच्या लग्नाच्या पत्रिका? तिथे मला सगळे काना-मात्रा म्हणतात ते तुला ठाऊक आहे. चिडवायला म्हणतात, पण पुस्तकाच्या कण्यावर नाव छापायचं असलं की कागद माझ्याचकडे तपासायला येतो. नववीत शाळा सुटली तरी वेलांटी माझी सुटलेली नाही. प्रत्येक व्याख्या मी पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली आणि शब्दाशब्दाखाली पेन्सिलीने टिंब दिलं. एकाही कार्डावर शुद्धलेखनाची चूक नाही, हे मी अजूनही छातीठोकपणे सांगतो.

म्हणूनच मंगळवारी मी मालकांकडून दोन तास मागून घेतले आणि तुझ्या शाळेत गेलो. तुला न विचारता गेलो. त्या शून्यानंतर तू कुठे मला विचारून मावशीकडे गेलीस? शिक्षकांच्या खोलीत सर वह्या तपासत होते. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, माझ्या बहिणीने कॉपी केली असं तुम्ही कशावरून लिहिलंत? आवाज चढला असावा, कारण गणिताच्या बाई चहाचा कप तसाच धरून बघत राहिल्या. सर मात्र शांत. त्यांनी कपाटातून दोन पेपर काढले, एक तुझा आणि एक तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा, त्या खारूताईचा, आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीत त्याच चार ठिकाणी लाल रेघ. म्हणाले, हे बघा, बरोबर उत्तरं दोघींची सारखी येऊ शकतात. चुका सारख्या येत नाहीत. आणि इथे चारच्या चार चुका सारख्या, शब्दसुद्धा तेच. मी म्हटलं, चुका कसल्या, ही पुस्तकातलीच वाक्यं आहेत, मी स्वतः तिच्याकडून पाठ करून घेतली आहेत. त्यावर त्यांनी विचारलं, तुमचं शिक्षण किती? मी म्हणालो, नववी. त्यांनी नुसता चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. भिंगरी, ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

मी तिथून निघालो तो तडक वाचनालयात. माझ्या डोक्यात एकच होतं, पुस्तक आणि कार्डं दोन्ही त्या टेबलावर आपटायची आणि सरांना त्यांच्याच चष्म्यातून वाचायला लावायचं. पुस्तक घेतलं, घरी आलो, तुझ्या खणातून कार्डांचा गठ्ठा काढला. आई विचारत होती जेवणार का, मी तिच्यावर खेकसलो. (नंतर माफी मागितली. ती म्हणाली, तुम्ही दोघं एकदा कुणावर रागावलाय ते ठरवा आणि मला कळवा.) त्या चार संज्ञांची कार्डं शोधली. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, त्या विभाजनाच्या ओळीने येणाऱ्या चार पायऱ्या. एकाच कागदावरची चार. पुस्तक उघडून शेजारी ठेवलं आणि पहिल्यांदाच, टिंबं न देता, नुसतं वाचलं.

वाक्यं पुस्तकातलीच होती. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. पण लेप्टोटीनच्या मागे झायगोटीनचं वाक्य होतं आणि झायगोटीनच्या मागे लेप्टोटीनचं. खालच्या दोन्हींचं, पॅकिटीन-डिप्लोटीनचं, तसंच. आम्ही बाइंडिंगवाले रोज नव्या पोरांना शिकवतो की कागद उलटला की डावं ते उजवं होतं, म्हणून मागची बाजू उजवीकडून सुरू करायची. पंचेचाळीस कागदांवर मी तसंच केलं. या एका कागदाच्या मधेच मला जेवायला उठवलं होतं, आणि परत आल्यावर मी मागची बाजू डावीकडून लिहायला घेतली. तपासलं ते कापायच्या आधी, आधी सगळ्या संज्ञा, मग सगळ्या व्याख्या. दोन्ही बाजू शुद्ध. कुणाची कुणाशी गाठ पडते ते पाहायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण त्यातलं मला काही कळतच नव्हतं.

आणि मग आठवलं. पहिल्या संध्याकाळी मी झायगोटीनचं कार्ड धरलं तेव्हा तू पटकन म्हणाली होतीस, सजातीय गुणसूत्रं शेजारी येऊन जोड्या जमवतात. सरांनी शिकवलं नव्हतं तरी तुला ते पुस्तकावर एकदा नजर फिरवून लक्षात राहिलं होतं. मी कार्ड उलटून पाहिलं आणि म्हटलं, चूक. तू म्हणालीस, दादा, पण आधी धागे दिसायला लागतील आणि मग जोड्या जमतील ना? जोड्या आधी कशा जमतील? मी म्हटलं, जास्त शहाणपणा नको, लिहिलंय तसं म्हण. तीनदा म्हणून घेतलं. तुझं बरोबर उत्तर मी तुझ्या तोंडातून काढून टाकलं आणि तिथे चुकीचं बसवलं, आणि वर आईला सांगितलं, बघ, पोरीची किती पक्की तयारी करून घेतो.

संध्याकाळी खारूताईच्या घरी गेलो. ती दारातच रडायला लागली. म्हणाली, दादा, तिने शपथ घातलीय. मी म्हटलं, शपथ मोडल्याचं पाप माझ्या नावावर लिही आणि बोल. तेव्हा कळलं की कार्डं तू तिला चार दिवस दिली होतीस, म्हणून दोघींच्या चुका सारख्या. सरांनी पेपर दाखवून परत घेतले त्याच दिवशी तुम्ही दोघींनी मधल्या सुट्टीत वाचनालयात जाऊन पुस्तक पाहिलं होतं आणि तुला सगळा प्रकार कळला होता. नुसती कार्डं सरांपुढे ठेवली असती तरी शून्य गेलं असतं. खारूताई म्हणाली, चल, दाखवू या. तर तू काय म्हणालीस? कार्डं दाखवली तर सर ती सगळ्यांना वाचून दाखवतील, नववी झालेल्या माणसाचा क्लास म्हणतील. माझ्या दादाला कुणी हसलेलं मला चालायचं नाही, त्यापेक्षा शून्य चालेल. आणि हिलाही गप्प बसवलंस. बिचारी तुझ्याबरोबर तीन आठवडे कॉपीचा डाग घेऊन फिरतेय. घरी तिने दोन थपडाही खाल्ल्या. तिला कुणी विचारलं, चालेल का म्हणून?

मी तुझ्यावर इतका रागावलोय की काय लिहू ते कळत नाही. माझी चूक माझ्यापासून लपवायचा अधिकार तुला कुणी दिला? मी काय काचेचा आहे? दहा वर्षं लोक मला काना-मात्रा म्हणून हसताहेत, त्याने मी कुठे फुटलो? हसण्याने माणूस मरत नाही, भिंगरी. पण बहिणीने विषय सोडला, पुढचे सगळे रस्ते सोडले, आणि तेही आपल्या उजव्या-डाव्याच्या घोळापायी, हे नंतर दहा वर्षांनी कुणाच्या तोंडून कळलं असतं तर मी काय करायचं होतं? आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग माझा मला आहे. ज्या दिवशी तू शून्य घेऊन घरी आलीस, त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, खरं सांग, बघितलंस का तिचं? तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. मला वाटलं, बघितलंच असेल. तू माझी अब्रू झाकत होतीस आणि मी तुला चोर समजत होतो. हे वाक्य कच्च्या कागदावर मी चारदा खोडलं. पक्क्यात ठेवतोय.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. आज बुधवार. सकाळी पहिल्या तासाला मी पुन्हा शाळेत गेलो. सरांना म्हटलं, मला शिक्षकांच्या खोलीत काही सांगायचं नाही, तुमच्या वर्गात सांगायचंय, पाच मिनिटं द्या. ते नको म्हणत होते, हवं तर मीच मुलांना सांगेन म्हणाले. मी ऐकलं नाही. तुझ्या वर्गापुढे, फळ्याजवळ उभा राहिलो, एक कोरा कागद घेतला, पुढे चार शब्द लिहिले, उलटला, मागे चार वाक्यं लिहिली आणि उजेडात धरून दाखवलं, चूक कशी झाली ते. माझं नाव, माझं काम आणि माझी नववी, तिन्ही सांगितली. मागच्या बाकावरची दोन पोरं हसली. खारूताईने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचं हसणं घशातच राहिलं. सरांनी खारूताईचं शून्य तिथल्या तिथे खोडलं. तुझं खोडलेलं नाही. म्हणाले, तिने शुक्रवारी अकराला स्वतः यावं, त्याच चार संज्ञा मी तोंडी विचारीन, तिच्या शब्दांत सांगितल्या तर गुण देईन. आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, तो भाग मी शिकवायला हवा होता. मी 'हो' म्हणालो. त्यांना बरं वाटावं म्हणून 'असू द्या' म्हणालो नाही. म्हणजे ज्यांच्यापासून तू मला लपवत होतीस त्या सगळ्यांना आता सगळं माहीत आहे, वर्गाला, सरांना, आईला, आणि संध्याकाळपर्यंत मालकांनाही कळेल. झाकायला काही शिल्लक नाही. अर्ज कोरा परत पाठवतोय. तुला खरंच जीवशास्त्र आवडत नसेल तर आईसमोर बसून तसं सांग, मी स्वतः तिचा हात धरून सही घेईन. पण माझ्यासाठी सोडत असशील, तर ते कारण आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी संपलं. पत्र दुपारच्या बसच्या कंडक्टरजवळ देतोय, रात्री मावशीकडे पोचेल. उद्या सकाळच्या बसने नीघ.

तुझाच, अजून रागावलेला,
दादा